शेजारची सीट

बदलापूरच्या वडिलोपार्जित जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि नरेंद्रकडे हवी ती गाडी घेण्याइतका पैसा आला. अडलं होतं ते कुठली घ्यायची यावर. शोरूममधल्या दोन इटालियन गाड्यांनी त्याची झोप उडवली होती. एक पिवळी, बुटकी, जमिनीला चिकटल्यासारखी, दोनच सीटची. दुसरी हिरवी, जरा थोराड, मागे दोन चिमुकल्या सीटा असलेली.

शोरूममधली कीर्ती टॅबवर एकेक जास्तीची वस्तू दाखवत होती. "सर, चाकं कार्बनची घेऊ या? ब्रेकला लाल रंग? छताला आतून मखमल?"

"नुसत्या चाकांत अंबरनाथला वन रूम किचन येईल!" त्याची बायको भावना त्याचं कोपर दाबत कुजबुजली. नरेंद्र मात्र हो म्हणत गेला.

"आणि सीटवर नाव शिवून मिळतं. तुमच्या सीटवर नरेंद्र. शेजारच्या सीटवर मॅडमचं?"

"माझं नको गं बाई," भावना हसली. "त्या खड्ड्यात माझे गुडघे उतरायचे नाहीत."

नरेंद्रच्या ओठांवर नाव आलं होतं ते नाथाचं.

नाथा त्याचा जुना शेजारी. शर्यतीच्या जोडीतला एक बैल नाथाचा, दुसरा, बिजल्या, नरेंद्रचा. पहाटे उल्हास नदीच्या काठाने दोघं एकाच छकड्यावर उभे राहून सराव करायचे. वारा असा लागायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. पुढे शर्यतींवर बंदी आली, जमिनी विकल्या गेल्या, गोठा पडला. नाथाने वांगणीला जागा घेतली आणि दोन्ही बैल तिकडे नेले. "येत जा बघायला," म्हणाला होता. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता बंदीसुद्धा उठली, पण नरेंद्रचं जाणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वांगणीला गेला. अंगणात नाथा बैल धूत होता. डोकं पांढरं झालेलं.

"काय रं, वाट चुकलास काय?"

"बिजल्या हाय?"

"ह्यो काय. माजा तर दोन सालांमागंच गेला."

नरेंद्रने ओळखलंच नव्हतं. पाठ खोल गेलेली, एका डोळ्यात पांढरा पडदा. त्याने पूर्वीसारखी जीभ टाळ्याला लावून हाक दिली. बैलाचा कानही हलला नाही. मग नाथा हळूच "व्हो" म्हणाला, तशी बिजल्याने मान वळवली.

"इसरला मला," नरेंद्र म्हणाला.

"म्हातारा झाला तो. मला पन कवा कवा मारतो."

खाटेवर बसून नरेंद्रने मोबाईलवर गाड्या दाखवल्या. नाथाने फोन लांब धरून पाहिला.

"हिरवी कशाला? मागं कोन बसनार, कोंबड्या? पिवळीच घे. पन आमच्या रस्त्यानं येल का रं ती? पोट घासंल तिचं."

नरेंद्रने तिथूनच कीर्तीला फोन लावला.

"सर, बटण दाबलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, अशी सोय आहे. पण तिचे पैसे वेगळे."

"पिवळी बुक करा. ती सोय टाका, बाकी सगळं काढा."

"सगळं? लाल ब्रेक, मखमल…"

"सगळं."

गाडी दिवाळीनंतर आली. पहिल्याच रविवारी नाक उचलून ती खड्ड्यांतून वांगणीत शिरली. नाथा पाय दुमडून कसाबसा आत बसला. कर्जतच्या रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, गुरं. गाडीला मोकळं पळता आलं ते जेमतेम एका वळणापर्यंत. काच बंद होती, वारा लागत नव्हता. नरेंद्रने चोरून शेजारी पाहिलं. नाथा दोन्ही मुठी मांडीवर आवळून, कासरा धरल्यासारखा बसला होता.

"फिरव मागं," थोड्या वेळाने नाथा म्हणाला. "वैरनीची येळ झाली."

अंगणाशी आल्यावर तो कण्हत उतरला आणि सरळ गोठ्यात गेला. नरेंद्रही उतरला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि न विचारता कोयता घेऊन कडबा तोडायला बसला. हात पूर्वीसारखा चालेना. नाथाने पाहिलं, आणि आपली पेंढी त्याच्याकडे सरकवली.