हाळातल्या शेवाळात दोन होताना

मित्रांनो, मी एक जुनी तंतुकणिका आहे. साक्रीजवळच्या एका खळ्यात गुरांच्या पाण्याचा हाळ आहे. त्यात धरलेल्या शेवाळाच्या एका पेशीत मी राहते. पेशीतलं अन्न जाळून तिला बळ पुरवायचं, हे माझं काम. हिरवं हरितलवक उजेड असेतो राबतं आणि सगळं कौतुक लाटतं. मला रात्रीही सुट्टी नाही.

तुमच्या पुस्तकात मला शेंगदाण्यासारखी काढलीय. साफ खोटं! मी लांबते, फाटे फोडते, हरितलवकाला जाळ्यासारखी वेढते. पेशीला दोन व्हायचं असलं, की माझी खरी दमछाक. आधी हरितलवक दुभंगतं. मग मी दोन्हीकडे ताणली जाते. कमरेभोवती प्रथिनांचं कडं आवळत जातं, आणि मी तुटते. केंद्रकाची पाळी त्यानंतर. दोन्ही लेकींना, म्हणजे नव्या पेशींना, माझा एकेक तुकडा मिळालाच पाहिजे, नाहीतर एक मेलीच समजा. थकले म्हणून मध्येच थांबता येत नाही.

परवा मी अशी अर्धी ताणलेली असताना घरधनी रुपचंद आबा हाळाशी आले. हातात डाळिंबावर फवारून उरलेल्या मोरचुदाची पुडी. ते निळे खडे पाण्यात विरघळले, की आमचा कारभार आटोपला. मागे तहानलेला बैल दावं ओढत होता.

त्यांची बायको भिकुबाई शेणाची पाटी टाकून धावली. "अहो, हाई काय करी ऱ्हायनात?"

"बठ्ठं शेवाळ मरी जाई. घासानी कटकट नको."

"आनि बैल?"

"अवं, चिमूटभर तं शे!"

"मंग पहिले तुम्हीच घोटभर पी दखाडा! तो मुका शे, म्हनीसन त्याले जहर?"

आबांनी पुडी तशीच परत बांधली. बैल पोटभर प्याला. इकडे मी तुटले, पेशीच्या दोन झाल्या.

मग भिकुबाईने हाळ उपसला आणि काथ्याने खसाखसा घासला. माझा एक अर्धा भाग मातीत वाहून गेला, सुकला. हा अर्धा भाग फटीत तगला. तिच्यावर माझा राग नाही. हाळ घासायलाच हवा.

मित्रांनो, खुशाल घासा. पण हात दुखतात म्हणून पाण्यात विष कालवू नका. विष माणूस ओळखत नाही, जनावर ओळखत नाही. बैल बोलत नाही, म्हणून मी बोलले. नाहीतर मला कुठला वेळ? पेशी पुन्हा फुगायला लागलीय.