आठाचा दस्ता, नवाची कॅसेट

जानेवारीतल्या एका सकाळी योगिनी सायकल ढकलत घरी आली. नल्लकुंट्याच्या घरापासून विद्यापीठाचं आवार जवळच. शाळेत गणित शिकवायला जाण्याआधी ती रोज तिथं तीन फेऱ्या मारायची. त्या दिवशी एकच झाली होती.

"अप्पा, गिअर जाम झालाय," ती म्हणाली. "अंगठ्यानं दाबला की पुढं जातच नाही."

तिचे वडील मुकुंदराव निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. सरकारी प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी केबल बदलली, तेल सोडलं, मागचं चाक उचलून पॅडल फिरवलं आणि हँडलवरचा खटका दाबला. चेन मागच्या चाकाच्या कॅसेटमधल्या एका चकतीवरून दुसरीवर अलगद चढली. नऊच्या नऊ गिअर लागले.

"आता बघ."

योगिनीनं खटक्यावर अंगठा ठेवला. तिनं ओठ दाबून जोर लावला, पण खटका हलला नाही. मुकुंदरावांची नजर तिच्या उजव्या तळहातावर गेली. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा जवळजवळ गेला होता. तिथं खळगा पडला होता.

मेंदूच्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासण्या केल्या, दोन आठवड्यांनी पुन्हा केल्या. मग त्यांनी दोघांना समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरत होत्या. औषधानं वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही. योगिनी छत्तीस वर्षांची होती. तिनं एवढंच विचारलं, "किती वर्षं?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांना दोन-तीन. काहींना जास्त."

घरी आल्यावर तिच्या आईनं, तारामतीनं, दारातच विचारलं, "काय म्हणाले?" मुकुंदराव थेट मागच्या अंगणातल्या आपल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी ते सुलतान बाजारातल्या सत्तारभाईंच्या दुकानात पोचले. जुन्या सायकलींचे सुटे भाग तिथं पोत्यांनी पडलेले असत. अंगठा न लावता, सगळी मूठ पिळून बदलता येईल असा, हँडलच्या टोकाला बसणारा गिअरचा फिरता दस्ता त्यांना हवा होता. एकच मिळाला, तोही आठ गिअरचा.

"नक्को साब," सत्तारभाई म्हणाले. "आठ का दस्ता नौ की कॅसेट पे नई चलता. चकत्यां पास-पास रहते, ये हर टिक में केबल जास्ती खींचता."

"बघतो करून."

त्यांनी केलं. सत्तारभाई बरोबर होते. मधल्या चकत्यांवर चेन नीट बसायची, पण दोन्ही टोकांना गेली की खडखडायची, मधेच उडी मारायची. मुकुंदरावांनी मापं घेतली. चेन सरकवणाऱ्या मागच्या सांगाड्यावर केबल स्क्रूच्या दुसऱ्या बाजूनं बांधली, तेव्हा ओढ थोडी कमी झाली. आठवडाभर खटपट करून पाच गिअर बिनचूक लागू लागले.

"पाच पुष्कळ झाले," योगिनी म्हणाली आणि निघाली.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल ती त्या पाचांवर फिरली. मे महिन्यात तिच्या हातून चमचा पडू लागला. जूनमध्ये मूठच वळेना. बाकी चार बोटांचीही ताकद गेली होती.

मुकुंदराव पुन्हा सुलतान बाजारात गेले. या वेळी सत्तारभाईंनी भिंतीवरून गिअर सरकवायची एक जुनाट लोखंडी दांडी काढून दिली, पाच गिअरच्या कुठल्याशा सायकलची.

"इसमें टिक-टिकच नई साब. जित्ता सरकाए उत्ता सरकता. पाँच हो, नौ हो, इसको क्या मालूम." मग त्यांनी विचारलं, "किसके वास्ते?"

"मुलीसाठी. हात चालत नाही तिचा."

सत्तारभाईंनी दांडी फडक्यानं पुसली आणि कागदात गुंडाळली.

मुकुंदरावांनी दांडीला रुंद पत्रा जोडला. मनगटानं ढकलली तरी सरकावी म्हणून. दोन्ही ब्रेक डाव्या हाताच्या एकाच खटक्यावर आणले. योगिनीनं कानानं गिअर लावायला शिकून घेतलं: खडखड थांबली की चेन बसली. जुलैतल्या एका सकाळी ती तीन फेऱ्या मारून आली. अंगावर चिखल उडालेला, चेहरा लाल.

"अप्पा, सगळे नऊ लागले! एकदाही चेन उडली नाही!"

मुकुंदराव खुशीत हसले. त्या दिवशी ते दोनदा मागून घेऊन जेवले.

बाराव्या दिवशी ती उतारावर पडली. ब्रेक शाबूत होता. डाव्या हातानं तो दाबलाच गेला नव्हता. गुडघा आणि कोपर फुटलं, तारामतीनं हळद लावली. मुकुंदराव कागद घेऊन बसले. पॅडल उलटं फिरवून ब्रेक लागेल असं मागचं चाक, तिसरं चाक, पायानं दाबायचा गिअर अशी चित्रं त्यांनी दोन दिवस काढली.

योगिनी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. उजवं पाऊल ती फरपटत होती, हे त्यांना तेव्हाच दिसलं.

"काय करायलात, अप्पा?"

"पायाचं जमतं का बघायलोय. महिन्याभरात होईल."

"महिन्याभरात पाय राहील का?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नाही.

"तुम्ही दर वेळी हाताच्या मापाचं करता," ती म्हणाली, "आणि ते होईस्तोवर हात पुढं गेलेला असतो. आता नका करू. घरात येऊन बसा माझ्यापाशी."

"बसून काय होणार, योगी?"

"काही नाही होणार. तरी बसा."

ते बसू लागले. सोपं नव्हतं ते. चाळीस वर्षं बिघडलेली वस्तू पुढ्यात आली की त्यांचे हात चालायचे. नुसतं बसून कुणाकडं बघत राहायची त्यांना सवय नव्हती. ते पेपर मोठ्यानं वाचत. सप्टेंबरपर्यंत शाळेच्या वह्या यायच्या. ती पाहून सांगायची, ते लाल पेननं बरोबर-चूक करायचे. मग तिचे शब्द जड झाले, वर्गातल्या मुलांना कळेनासे झाले, आणि शाळेनं तिला घरीच थांबायला सांगितलं. वह्या यायच्या थांबल्या.

दिवाळीनंतर तारामतीला तिचं निम्मं बोलणं कळायचं. मुकुंदरावांना त्याहून कमी. त्यांना ऐकूही कमी येत होतं.

एका दुपारी तारामती चिक्कडपल्लीला भाजी आणायला गेली होती. योगिनी उशीला टेकून बसली होती. ती काहीतरी म्हणाली. लांब वाक्य होतं.

"काय, बाळा? पाणी?"

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, कान तिच्या तोंडाशी नेला. ती तिसऱ्यांदा म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सुटा करत. त्यांना फक्त 'अप्पा' समजलं.

"हौ," ते म्हणाले. "हौ, बाळा."

योगिनी त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांना कळलं नाही, हे तिला कळलं होतं. तिनं चौथ्यांदा सांगितलं नाही. डोळे मिटून तिनं तोंड भिंतीकडं वळवलं, आणि मुकुंदराव तारामतीची वाट बघत तिथंच बसून राहिले.