हिरवं बटण

"आई, बीपीची गोळी घेतलीस का?" मोबाइलमधून कपिल बोलला.

"घेतली रं बाबा. तू जेवलास का?" ठकूकाकूने तांदूळ निवडता निवडता विचारलं.

जेवला की नाही ते कपिलने सांगितलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच, त्याच गोड सुरात, "आई, बीपीची गोळी घेतलीस का?"

लोधिवलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्या आवाजाचा मला वीट आला होता.

"काकू, ते भरून ठेवलेलं बोलणं हाय. खालचं हिरवं बटण दाबा, गप बसंल."

"ठावं हाय गं पौर्णिमा. गप बसतो म्हनून तर दाबत नाय."

कपिल काकूचा एकुलता एक. पुण्यात त्याची कंपनी म्हाताऱ्यांची काळजी घेणारं अ‍ॅप बनवते. म्हणजे काळजी मुलांनी विकत घ्यायची आणि मोबाइलने करायची. त्याचे वडील सखारामकाका वारल्यावर हा दोन दिवस राहिला, आईच्या मोबाइलमध्ये स्वतःचा आवाज भरला आणि कर्तव्य उरकून गेला. जाताना मला म्हणतो, "वहिनी, आता मी चोवीस तास तिच्याजवळच आहे." थोबाडात द्यावीशी वाटली होती.

काकू गोळी नेमाने घ्यायची, बटण मात्र दाबायची नाही. तिला एक गोष्ट बरोबर कळली होती. बरेच दिवस बटण दाबलं नाही की कपिलच्या मोबाइलवर लाल खूण उमटायची, आणि मग तो खराखुरा फोन करायचा. फोन कसला, नुसता डाफरायचा. "साधं बटण दाबता येत नाही? अडाणी ती अडाणीच!" काकू मोबाइल कानाला घट्ट लावून सगळं ऐकून घ्यायची आणि नंतर मला सांगायची, "सर्दी झालीय त्याला. आवाज बसलाय."

एप्रिलमध्ये जयंतीला कपिलसाहेब गावी आले. विहारात त्याचं भाषण होतं, मोबाइल आणि आरोग्य. आदल्याच दिवशी आईला फोनवर दम दिलेला, तेव्हा आता हिरवं असणारच या घमेंडीत त्याने पडद्यावर तिचंच नाव उघडलं. पडदा लालेलाल. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

घरी येऊन तो बरसला. "सगळ्यांसमोर लाज काढलीस माझी!"

"गोळी घेते रं रोज. पौर्णिमेला इचार."

"गोळीचं कोण विचारतंय? बटण दाबलंस का?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. इतका शिकलेला गाढव मी दुसरा पाहिला नाही.

जाण्याआधी त्याने बंदोबस्त केला. लाल खूण आता ऑफिसातल्या एका मुलीकडे जाणार, फोनही तीच करणार. त्याला मीटिंगमध्ये त्रास नको.

त्या मुलीचा फोन आला. "ठकूबाई मॅडम, आपलं औषध राहिलंय." काकू "बरं ताई" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून कपिलचा आवाज सुरू होतो न होतो तोच ती बटण दाबू लागली. घर गप्प झालं. कपिलने मला हिरवागार तक्ता पाठवला, वर टाळ्या वाजवणारे हात. "बघा वहिनी, सुधारली की नाही?"

परवा काकू घेरी येऊन दारात बसली. तिच्या तोंडात घालायला गूळ शोधत होते, तर डब्यामागे गोळ्यांची पाकिटं. एकही फोडलेलं नाही.

"काकू, हे काय?"

"त्याला हिरवं पायजे व्हतं. देते रोज."

"आणि जीव?"

"त्याचं कोण इचारतंय?"

मला तिचा रागही आला आणि रडूही. गोळी फोडून तिच्या तळहातावर ठेवली, तांब्या पुढे केला. "मी इचारते. घ्या माझ्यासमोर. मग चौक गावात डॉक्टरकडं जाऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि गोळी गिळली.

"उद्या येशील?"

"रोज येईन."

रिक्षा यायला वेळ होता. तेवढ्यात मोबाइल बोलला, "आई, बीपीची गोळी घेतलीस का?" मी बटण दाबायला गेले, तर काकूने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे."

तिने सूप पुढे ओढलं आणि तांदूळ निवडू लागली. कपिल पुन्हा पुन्हा विचारत राहिला. तू जेवलास का, असं काकूने त्याला विचारलं नाही.