शंभर रात्रींचा मान

बोलतेय मी, अपाकुकीची गिटार. हो, तीच, मानेवरचं पॉलिश सोललेली. तोंड वाकडं करण्याआधी जरा ऐकून घ्या.

जन्म माझा न्यूझीलंडचा. सफरचंदं तोडायला गेलेला अपाकुकी परतताना मला आपल्या तावेउनी बेटावर घेऊन आला. मला घडवणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला बजावलं होतं, "हिचं पॉलिश जुन्या पद्धतीचं आहे बाबा. रबराला टेकवून ठेवलीस तर मऊ पडून चिकटेल." अपाकुकीने ते कायम पाळलं. वाजवून झालं की पुसायचा, पेटीत ठेवायचा. लेकीला, उलामिलाला, गाणं शिकवलं तेव्हा हेही शिकवलं.

समुद्राची हवा माझ्या खुंट्यांना, स्क्रूंना खायचीच. प्रत्येक स्क्रूभोवती पॉलिशवर हिरवट डाग धरले होते. त्याचं मला काही वाटत नव्हतं. यंगोना प्यायला जमलेल्या प्रत्येक बैठकीत मी गात होते ना!

मग अपाकुकी गेला. आमच्या रीतीप्रमाणे शंभर रात्री गावात वाद्य वाजणार नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ सेकोवे सुवा शहरातून माझ्यासाठी चकचकीत स्टँड घेऊन आला. मला धरायला वर दोन हात, खाली दोन पाय, सगळ्यांवर काळं रबर.

"काका, हिला पेटीतच ठेवूया. रबर नको म्हणायचे बाबा," उलामिला म्हणाली.

"पेटीत? बापाची आठवण कोंडून ठेवायची होय गं? येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. आणि दुखवटा संपेपर्यंत हिला कुणी शिवायचं नाही. तूसुद्धा!"

महिन्याभरात पोरीच्या लक्षात आलं. "काका, चिकटतंय बघा. मध्ये नुसतं फडकं तरी घालू द्या."

"एकदा सांगितलेलं कळत नाही?"

रोज माझ्यासमोर बसून भावासाठी रडायचा मेला! पण एक फडकं सरकवू देईना.

दुखवटा उतरायच्या दिवशी अख्खं गाव जेवायला जमलं. उलामिला बापाचं गाणं माझ्यावर वाजवणार होती. सेकोवे मला उचलायला गेला, तर स्टँडही माझ्याबरोबर वर आला. पोरं फिदीफिदी हसली. तो चिडला आणि त्याने हिसका दिला. चर्रकन पॉलिश सोलून निघालं, आतलं लाकूड उघडं पडलं.

"ही अशी लोकांपुढे न्यायची? शोभा होईल दादाची," तो पुटपुटला.

"अहो काका, आवाज तर बघा! एक तार छेडू द्या."

"भिंतीवर टांग म्हणतो ना!"

चर्चमधली गिटार मागून आणली. उलामिलाने तिच्यावर सगळं गाणं वाजवलं. एकही सूर चुकला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

आता माझ्या तारा गंजल्यात. स्क्रूंभोवतीचे डाग पसरलेत. सेकोवे, कातडं गेलंय रे माझं, गळा शाबूत आहे. तू दिलेल्या मानानेच माझी ही गत केली!

काल झाडताना उलामिलाचा खांदा मला लागला. ती दचकून मागे सरली आणि मान खाली घालून म्हणाली, "माफ करा, बाबा."

अगं वेडे, मी बाबा नाही. मी गिटार आहे. वाजव मला!