गुऱ्हाळावरून परतलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. फलटणजवळच्या एका उसाच्या मळ्यात, घरापुढच्या लाकडी ओट्यात माझी जागा आहे. डोक्यावर छप्पर नाही, त्यामुळे ऊनपाऊस सगळा अंगावर.

माधवनगरच्या एका वखारीत यंत्रानं माझ्या पाठीवर लांबच लांब खाचा पाडल्या. खाचांची फळी मी एकटीच उरले होते, म्हणून फौजेतून निवृत्त झालेल्या आमच्या मालकांनी, आप्पासोंनी, ओट्यासाठी बाकीच्या गुळगुळीत घेतल्या. त्या शेजारणींचा तोरा काय सांगू! येणारा-जाणारा त्यांच्यावरून हात फिरवायचा. आप्पासोंच्या आई धोंडुबाई मला पाहून नाक मुरडायच्या. "ह्या चरांत लय घाण बसती," म्हणायच्या. मला फार वाईट वाटायचं.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग एकदा गौरी यायच्या म्हणून धोंडुबाईंनी अंगण शेणानं सारवलं आणि उत्साहाच्या भरात ओटाही सारवून टाकला! शेजारणींवरचं शेण पायांनी निघून गेलं. माझ्या खाचांत मात्र ते गच्च बसलं. पावसाचं पाणी वाहून जाईना. अंगावर शेवाळ धरलं, मी काळी ठिक्कर पडले आणि एक दिवस खुद्द आप्पासोच माझ्यावरून घसरले.

"काडा ही! गुऱ्हाळावर जळणात जाऊ द्या," ते गरजले.

हिवाळ्यात गुऱ्हाळ सुरू झालं. रस आटवायच्या चुलवणाचा जाळ समोर दिसत होता आणि जळणाच्या ढिगात मी सर्वांत वर. गुळाचा वास गोड होता हो, पण मला कुठलं सुचायला!

तेवढ्यात आप्पासोंबरोबर रस प्यायला धोंडुबाई आल्या. मला पाहून थबकल्या. "आगं बाई, ह्ये तर माजंच श्यान!"

त्यांनी खराटा आणि पाणी घेऊन माझ्या खाचा घासून काढल्या. आतून तांबूस लाकूड निघालं.

"आप्पा, बग. हिच्यावर मोटी चीर हाय का कुटं? अन् तुज्या त्या गुळगुळीत फळ्यांच्या चिरांत नख जातंय!"

खरंच होतं ते. ऊनपावसात लाकूड फुगतं आणि आक्रसतं. सपाट फळी त्या ताणानं मोठी उलते. माझा ताण खाचाखाचांत वाटला जातो. चिरा मलाही पडल्यात, पण बारीक, खाचांच्या तळाशी.

"आगं आये, पडलो की मी तिच्यावरनं!"

"पडलास माज्या श्यानावरनं. जाळायचं तर मला जाळ!"

गुऱ्हाळावरची माणसं खो खो हसली. आप्पासोही हसले आणि मला खांद्यावर घेऊन घरी निघाले.

मित्रांनो, आमची निगा सोपी आहे. खाचा जातात त्याच दिशेनं खराटा फिरवा आणि पाण्याला वाट मोकळी ठेवा. एवढं केलंत तर आम्ही वर्षानुवर्षं तुमचे पाय झेलू.

यंदा पुन्हा गौरी आल्या. अंगण सारवत धोंडुबाई ओट्यापाशी आल्या. सवयीनं शेणाचा हात पुढं झाला आणि मी श्वास रोखला. त्यांनी हात मागं घेतला, खराटा उचलला आणि हळूच म्हणाल्या, "भिऊ नगं गं. तुला न्हाई लावत."