हाक पोचेल इतकी उंची

"भिंगरे, ए भिंगरे, वर ये गं!"

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आईची हाक यायची ती अशी. आधी लांबट, मग तुटक, मग धमकीची. आई जाऊन वर्षं झाली, पण हाक काही गेली नाही. जाणार तरी कशी? भिंगरीचा भाऊ त्या हाकेला बोट धरून वसाहतीच्या दर बैठकीला घेऊन यायचा.

वसाहत पाडायची हे ठरलंच होतं. मैदानाभोवतीच्या तीन मजली इमारतींना ओल चढली होती, गॅलऱ्यांना टेकू लागले होते. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते पुढे किती उंच बांधायचं याचं. आठ मजले बांधले, तर आजच्या प्रत्येक बिऱ्हाडाला एक घर, बस्स. चोवीस बांधले, तर बाहेरची माणसं येणार, गर्दी होणार, पण आज एकाच घरात कोंबून राहणाऱ्यांना दुसरं छोटं घरही मिळणार. आठवाले आणि चोवीसवाले जिन्यात समोरासमोर आले तरी भिंतीकडे बघत उतरायचे.

भाऊ आठवाल्यांचा म्होरक्या. "खेळणाऱ्या पोरापर्यंत आईची हाक पोचते ना, ते घर," तो म्हणायचा. "त्याच्या वर नुसती खोकी." की टाळ्या. कुणीतरी डोळेही पुसायचं.

आणि भिंगरी? ती समितीची चिटणीस. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंचं डोकं खाणं सोसायचं. चिटणिसानं बाजू घ्यायची नसते, ही सोय मात्र तिच्या पथ्यावर पडली होती. भावाच्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यात, पडद्यामागे तिची खाट. पडद्याला काही कडी नसते. चोवीस मजले झाले, तर तिच्या वाट्याला एक दार येणार होतं, आतून लावता येणारं. पण भावाच्या छपराखाली राहून भावाच्या तोंडावर हे म्हणायचं कसं? तिनं ते गिळून टाकलं होतं.

सुट्टीच्या सकाळी आर्किटेक्ट बाई मैदानात एक लालभडक फुगा घेऊन आल्या. चांगला पिंपाएवढा.

"कागदावर उंची कळत नाही," त्या म्हणाल्या. "दोरीला पिवळी फीत बांधलीय तो आठवा मजला. फुगा म्हणजे चोविसावा. डोळ्यांनी बघा, मग हात वर करून ठरवा."

दोरी धरायला कोण? चिटणीस. खुर्च्या मांडायला चिटणीस, शिव्या खायला चिटणीस, दोरीलाही चिटणीसच.

फुगा वर गेला, वाऱ्यानं कलला आणि पलीकडच्या इमारतीवर जाऊन डोलू लागला.

"बघा, बघा! आत्तापासूनच आमच्या डोक्यावर बसले!"

"अहो, फुगा कलतो. इमारत कलत नाही."

"आज नाही कलणार. उद्याचं काय सांगता?"

"पण मी म्हणतो, लिफ्ट बंद पडली तर?" हे तळमजल्यावरचे आजोबा. सगळा जन्म तळमजल्यावर काढला, पण लिफ्टचा घोर त्यांनाच.

"आजोबा, अजून फक्त फुगा आहे."

"असू दे की. पण बंद पडली तर?"

दोरी भिंगरीच्या तळव्याला काचत होती. वाटलं, सोडून द्यावी. जाऊ दे फुगा, जाऊ दे फीत, जाऊ देत आजोबांची लिफ्टसुद्धा.

तेवढ्यात भाऊ पुढे आला. त्यानं तोंडाभोवती हात धरले आणि मान वर करून फुग्याला हाक घातली, हुबेहूब आईच्या चालीवर. "भिंगरे, ए भिंगरे, वर ये गं!"

"अरे, तूच खाली आणि म्हणतोस वर ये!" कुणीतरी ओरडलं.

"चाल बघा हो, चाल! पोचेल का ही चोविसाव्यापर्यंत? सांगा ना!"

फुगा काही बोलला नाही. पण तिसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं. वहिनी गॅलरीत येऊन वाकली होती.

"वन्सं! धाकट्याचा निळा सदरा कुठे ठेवलात? जरा वर या ना!"

मैदान हसून लोटपोट झालं. भाऊ तर टाळी वाजवून नाचायचाच बाकी. "पोचली की नाही? याला म्हणतात घर! जा गं, देऊन ये सदरा. दोरी मी धरतो."

त्यानं हात पुढे केला. भिंगरीनं दोरीचा आणखी एक वेढा मुठीभोवती घेतला.

"अगं, दे ना. ती हाका मारतेय."

"ऐकू आलं मला," भिंगरी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिलाही नवा. "तेव्हाही यायचं. भाऊ, आईच्या हाकेत तुझं नाव कधी होतं रे? एकदा तरी? आपण दोघं इथेच लपाछपी खेळायचो. हाक आली की डाव टाकून मी वर, आणि तू अंधार पडेपर्यंत खाली. आधी भांडी, मग आईचं दुखणं, मग तुझी पोरं, आता सदरे. तुला ती हाक गोड लागते, कारण तुला कधी उठावं लागलं नाही."

"अगं, पण लोकांसमोर..."

"लोकांसमोरच विचारलंस ना? मग लोकांसमोरच ऐक. मला चोविसावा हवाय, भाऊ. तिथे हाक पोचत नाही, म्हणूनच हवाय."