धून कुणी फोडली

दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड वासून पडलेल्या माणसाला फारसं काही करता येत नाही. डॉक्टरीणबाई फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या. त्यांची मदतनीस ट्रेमधली हत्यारं लावत स्वतःशीच गुणगुणत होती. खुर्चीतल्या ठेक्याने आधी लक्ष दिलं नाही. मग त्याच्या मानेवर काटा आला. ती गुणगुणत होती ती त्याची धून होती.

त्याने तोंडातला कापूस उपसून काढला. "हे तुम्ही कुठे ऐकलंत?"

"काय?"

"आत्ता गुणगुणत होतात ते."

"मी? छे!" ती हसली. "असेल कुठेतरी कानावर पडलेलं. बसतं एकेक तोंडात. तो कापूस ठेवा बघू परत."

तिने नजर चुकवली, असं त्याला वाटलं. खरं तर ती ट्रेकडे बघत होती.

ठेका हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण बसल्या जागी त्याची बोटं कशावर ना कशावर चाललेली असत, म्हणून शाळेत ते चिकटलं आणि पुढे क्लबच्या पाटीवरही तेच चढलं. मिसरूड फुटलं तेव्हा तो स्पीकर भाड्याने देणाऱ्या एकाकडे ओझी वाहायचा. तिथे एका कार्यक्रमात त्याने पहिल्यांदा हाउस नावाचं नाचाचं संगीत ऐकलं. एकसारखा पडणारा ठोका, एक गाणं कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं याचा पत्ताच नाही, आणि समोर माणसं घामाने निथळताहेत तरी थांबायला तयार नाहीत. तो ट्रक भरायचा विसरला आणि त्याची नोकरी गेली. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. आता डोकं पांढरं झालं होतं, क्लबातली पोरं त्याला काका म्हणत. डॉक्टर म्हणत कान जपा, बायको म्हणे गुडघे जप. तो दोन्ही झिजवत होता.

आयुष्यभर त्याने क्लबात डीजे म्हणून इतरांची गाणी वाजवली. स्वतःची अशी धून एकच. तरुणपणी त्याने आणि त्याच्या मित्राने, जाड्याने, मिळून ती केली होती. खालची चाल, म्हणजे बेस, जाड्याचा. ढोल आणि वरचे सूर ठेक्याचे. त्यावर एका मुलीचा बिनशब्दांचा आवाज, जी पुढे ठेक्याची बायको झाली. तबकडी निघायच्या तोंडावर नाव आधी कुणाचं यावरून दोघांची जुंपली. कुणीच माघार घेतली नाही आणि तबकडी निघालीच नाही. जाड्याने कीबोर्ड दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे लग्नकार्यात भेट झाली की दोघे एकमेकांची तब्येत विचारत, इतकंच.

पण ठेक्याने ती धून सोडली नाही. रविवारी सकाळी खोलीचं दार लावून तो ती कॉम्प्युटरवर उघडायचा, कुठे काही हलवायचा, पुसायचा आणि बंद करायचा. बाहेर कुणाला ऐकवली नाही. मुलीने तिच्या लग्नात मागितली, तर "अजून झाली नाही गं," म्हणाला.

मग ही बाहेर गेली कशी?

आठवडाही गेला नसेल, औषधाच्या दुकानात रांगेत पुढे उभे असलेले एक आजोबा काठी आपटत तेच गुणगुणायला लागले. ठेक्याने त्यांचा खांदाच धरला. आजोबा घाबरले, दुकानदार मध्ये पडला, आणि ठेका औषध न घेताच घरी आला.

आता त्याची खात्री पटली. धून फुटली होती आणि फोडणारा घरातलाच होता. जावई कॉम्प्युटरवाला, मागे त्यानेच यंत्र दुरुस्त करून दिलं होतं. तेव्हा फारच वेळ लागला होता त्याला. मुलगी हल्ली आली की "बाबा, काय चाललंय?" असं का विचारते? आणि बायको? तिचा तर आवाजच आहे त्यात. त्याने खोलीला कुलूप लावलं. किल्ली खिशात ठेवली. जेवताना समोरच्याचं तोंड न्याहाळू लागला.

एका संध्याकाळी बायको चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आली, अंघोळीला गेली आणि याने तिचा फोन उघडला. ती टॉवेल विसरली म्हणून परत आली.

"काय शोधतोयस?"

त्याला खोटं सुचलं नाही. "धून कुणाला पाठवलीस का?"

तिने फोन त्याच्या हातातून घेतला, परत त्याच्याच हातात दिला आणि म्हणाली, "पूर्ण बघ. अर्धवट नको." त्यानंतर ती त्याच्याशी मीठ-पाण्यापुरतंच बोलली.

फोनमध्ये काही नव्हतं. म्हणजे राहिला जाड्या.

जाड्या दुकानात कीबोर्ड उलटा घालून पट्ट्या साफ करत होता. ठेक्याने नमस्कार-चमत्कारही केला नाही. "कितीला दिलीस?"

"काय कितीला दिलं?"

"आपली धून. गावभर म्हणताहेत लोक."

जाड्याने ब्रश खाली ठेवला. "माझ्याकडे तिची प्रतसुद्धा नाही. निघालो तेव्हा तुझ्याकडेच टाकून आलो. पुढे मी ती विसरायचा प्रयत्न केला, वेळ लागला, पण विसरलो. आणि तू आज येऊन मला चोर म्हणतोस?" त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "जा बाबा. गिऱ्हाईक यायचंय माझं."

ठेका घरी आला तो पडेल चेहऱ्याने, पण संशय काही उतरला नव्हता. बायकोला शेवटी राहवलं नाही.

"ती बाई नेमकं काय गुणगुणत होती? म्हणून दाखव."

"तुला माहीत नाही का आपली धून?"

"तू म्हण तर."

त्याने म्हणून दाखवली. ती ऐकत राहिली. "आणि काठीवाले आजोबा?"

"तेच."

"अरे, हा तर नुसता बेस. माझा आवाज कुठाय? तुझे सूर कुठायत? धून चोरली असती तर लोकांच्या तोंडी आधी वरचं बसलं असतं. खालचं तेवढं कोण चोरतं?"

इतकी वर्षं कान विकून पोट भरलं आणि ही साधी गोष्ट ठेक्याच्या कानाला कळली नव्हती. खालचं तेवढं कुठे ऐकू येतं? क्लबच्या बाहेर, भिंतीपलीकडे. जिथे बाकी सगळं अडतं आणि जाड सूर तेवढे पार होतात.

दोघांनीही एकदमच जमिनीकडे बघितलं.

खालच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहत. पूर्वी शाळेत कवायत शिकवायच्या. ठेक्याविरुद्ध त्यांनी सोसायटीत इतक्यांदा तक्रार केली होती की जिन्यात दोघे एकमेकांना बघून भिंतीकडे तोंड करत. बायकोने त्यांची बेल वाजवली. ठेका तिच्या मागे उभा राहिला.

"तुम्ही आमचं गाणं कुणाला ऐकवलंत का?"

"ऐकवू कशाला? मला काय हौस आहे?" बाई फणकारल्या. मग थोड्या ओशाळल्या. "वर्गात म्हणते मी कधी कधी. गुडघ्यांचे, कमरेचे लोक येतात माझ्याकडे व्यायामाला. एक-दोन-तीन-चार मोजून कंटाळा येतो हो त्यांना. तुमचं ते दर रविवारी छतातून येऊन डोक्यात बसलंय. म्हटलं, त्रास दिलाय तर उपयोग तरी होऊ दे."

"दंतवैद्याकडची मुलगी येते?"

"येते ना. कंबर धरलीय तिची, दिवसभर वाकून."

जिना चढताना बायको हसत सुटली. ठेक्याला हसू येईना. वर आल्यावर त्याने तिच्यासमोर खोलीचं कुलूप काढलं आणि किल्ली तिच्या पर्समध्ये टाकली. "चुकलो," म्हणाला. "चुकलासच," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तरी विषय पुढे नेला नाही.

पण मनात एक चुळबुळ सुरू झाली होती. लोकांना खालचं एवढं आवडलंय, तर सगळी धून ऐकली तर काय होईल! पुढच्या वर्गाला तो स्वतःचे स्पीकर घेऊन गेला. बायकोही आली. त्याने धून लावली. माणसांनी हात वर केले, पाय उचलले, आणि बायकोचा आवाज सुरू झाला तसा सगळा गोंधळ उडाला. कुणी थांबून ऐकू लागलं, कुणाचा डावा पाय उजव्याच्या जागी पडला. काठीवाले आजोबा ठेक्याला ओळखून दोन पावलं मागेच सरकले होते.

"वरचं बंद करा," बाई ओरडल्या. "खालचं तेवढं ठेवा."

ठेक्याने बायकोकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. त्याने एक बटण खाली ओढलं, मग दुसरं. राहिला तो जाड्याचा बेस. सगळ्यांचे पाय एकदम जागेवर आले, ती वाकलेली मुलगीही ताठ होत गेली. आपण ज्याची चोरी झाली म्हणून घर डोक्यावर घेतलं, त्यात आपलं काहीच गेलेलं नव्हतं, हे ठेक्याला तिथे उभं असताना कळलं. त्याला मनापासून लाज वाटली. आणि ऐकताना, इतक्या वर्षांनी, तो बेस किती चांगला आहे हेही कळलं.

तो तडक दुकानात गेला.

"आता काय गेलं तुझं?" जाड्याने मान वर न करता विचारलं.

ठेक्याने सगळं सांगितलं. छत, बाई, गुडघे, आजोबा. "लोक म्हणताहेत ते तुझं आहे. माझ्यातलं काहीच नाही त्यात."

जाड्याने डोळे बारीक केले. "आणि हे मला सांगून तुला काय मिळणार?"

"काही नाही."

"तेच तर खटकतंय. उगाच इतका लांब यायचा माणूस नव्हेस तू."

"माफी मागायला आलोय."

"ते ऐकलं. अजून पटलं नाही."

तरी पुढच्या वर्गाच्या दिवशी जाड्याने दुकान लवकर बंद केलं. आत यायला तो तयार होईना, दारातच हाताची घडी घालून उभा राहिला. बाईंनी मोजणी सोडून गुणगुणायला सुरुवात केली, सगळे मागोमाग, कुणी सुरात, कुणी कसंही. जाड्या हलला नाही. वर्ग सुटला तसा तो सरळ बाईंपाशी गेला.

"खरं सांगा. यानं तुम्हाला पढवून ठेवलंय का?"

"मला?" बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "यांच्याशी मी बारा महिने बोलत नाही. तुम्ही कोण?"

जाड्याने ठेक्याकडे पाहिलं, ठेक्याने छताकडे.

"मी कीबोर्ड दुरुस्त करतो," जाड्या म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "तुमचे वर्ग कधी कधी असतात?"